पुतळीचं कोनफळ

माझा आवाज जाणार हे कळलं, त्या दिवशी माझी बायको पुतळी डॉक्टरांसमोर हसली. घशात कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर सांगत होते. ती म्हणाली, "तीस वर्सं गप्प बसा म्हणून सांगत हाय. न्हाई ऐकलं. आता काढूनच घ्या." बाहेर आल्यावर मात्र बसस्टँडच्या नळावर तिनं तीनदा तोंड धुतलं.

ऑपरेशन बेळगावात झालं. तेव्हापासून गळ्याला भोक आहे, श्वास तिथूनच. बोलायचं तर एक यंत्र गळ्याला लावतो. डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा आवाज येतो. आमच्या गुंद गावातली कुत्री सहा महिने माझ्यावर भुंकत होती. त्यांचं काय चुकलं, असं पुतळीचं म्हणणं.

यंत्राची सवय झाली, भीतीची झाली नाही. रोग परत आला की काय हे बघायला मे आणि डिसेंबरात बेळगावला जायचं. मेमध्ये परत आलो की पुतळी परसात कोनफळ लावायची, आणि डिसेंबरात जायच्या आदल्या दिवशी खणायची. मधेच मी माती उकरून बघायला गेलो की हातावर चापट बसे. "आत काय हाय ते येळ आली की कळंल. रोज उकरलं तर काय बी वाढणार न्हाई." ती कोनफळाबद्दलच बोलते आहे, असं मी समजून घ्यायचो. एकदा आठ किलोचं निघालं. ते तिनं थेट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर माझा गळा सोडून तेच बघत बसले.

दुसऱ्या वर्षी कानामागे गाठ लागली. मी दोन दिवस जेवलो नाही. मुलगा सुदेश गोव्यात कामाला, त्याला बोलावून घेतलं. माझ्यामागे शेत कसं करायचं ते पाटीवर लिहून दिलं. पुतळी बॅटरी घेऊन आली, माझी मान वळवली आणि म्हणाली, "गाठीला पाय हायत."

रानातून येताना चिकटलेलं गोचीड होतं. पुढे महिनाभर गावातले लोक मला गोचिडाची तब्येत विचारत होते.

गेल्या श्रावणात पुतळी गेली. सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या हृदय थांबलं. यंत्राचं चार्जिंग संपलं होतं आणि वीज नव्हती. मी थाळी बडवली. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा माकडं हाकलतोय. आम्ही लवकर आलो असतो तरी उपयोग नव्हता, असं ते म्हणतात. चार वर्षं सगळं घर माझ्या गळ्याकडे बघत होतं. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही.

आता डिसेंबर संपत आलाय. तिनं मेमध्ये लावलेला वेल काठीवर वाळलाय. डॉक्टरांनी दिलेली तारीख दहा दिवसांपूर्वी गेली. जबड्याखाली काहीतरी हाताला लागतंय, त्याला पंधरा दिवस झाले. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण जेवताना माझा हात सारखा तिथे जातो, ते सून केशरनं हेरलं. काल तिनं मला उन्हात स्टुलावर बसवलं आणि बॅटरी आणली. सासऱ्याच्या गळ्याला हात लावायचा म्हणून इतकी अवघडली होती, की शेवटी मीच यंत्र लावून विचारलं, "पाय हायत काय?"

ती हसली नाही. बोटानं पुन्हा चाचपलं.

"न्हाईत, मामा. गाठ हाय का काय, मला कळत न्हाई."

पुतळी असती तर तिला कळलं असतं, असं मी म्हणालो. ती अशी घाबरत नसे.

"भ्यायच्या की," केशर म्हणाली. "आधी मागच्या दारी जाऊन रडून यायच्या. मग बॅटरी घ्यायच्या."

मी यंत्र खाली ठेवलं. केशरनं कुदळ आणून माझ्याशेजारी भिंतीला टेकवली. गुरुवारी पहिल्या बसनं निघायचं, ती बरोबर येणार, रामनगरला गाडी बदलायची, आणि बुधवारी मी खणायचं, एवढं सांगून ती भांडी घासायला गेली.

आज बुधवार आहे. मी वेल कापला, भोवतीचा पाला बाजूला केला. ऊन परसातून कौलांवर चढलंय. कोनफळ अजून जमिनीत आहे.