फ्रिजमधली किल्ली

सकाळी निघताना तिनं पिशवी पलंगावर उलटी केली. हेडफोन, बसचा पास, चार्जर, कंगवा, कॉलेजचं ओळखपत्र. खोलीची किल्ली नव्हती.

"काल मग आत कशी आलीस?" मैत्रिणीनं पांघरुणातूनच विचारलं.

"तू दार उघडलंस."

एवढं बोलली आणि पिशवी पुन्हा भरायला लागली. किल्ली कुठे आहे ते तिला आठवलं होतं.

काल

आवाजाच्या लोकांची एक रीत आहे. कुणाच्या घरी मुलाखत घ्यायची तर आधी फ्रिज बंद करायचा. त्याची घरघर माणसाच्या बोलण्याखाली ठाण मांडून बसते आणि नंतर काही केल्या उठत नाही. फ्रिज बंद केला की स्वतःच्या गाडीची किल्ली त्यातच ठेवायची. म्हणजे निघताना फ्रिजपाशी यावंच लागतं, आणि आलं की बटण चालू होतं.

दादांनी, म्हणजे स्टुडिओच्या साउंड रेकॉर्डिस्टनं, हे तिला आल्या आल्या शिकवलं होतं. दादा तिला पाहुणी म्हणत. इंटर्न काय, नाव पाठ होईस्तोवर जायची, असा त्यांचा हिशेब. काल मात्र ते म्हणाले, पाहुणी, आज फ्रिज तुझा.

तिच्याकडे गाडी नव्हती. तिनं खोलीची किल्ली ठेवली.

रीत बरोबर होती. फक्त, ज्या किल्लीवाचून अडेल तीच ठेवायची असते, हे कुणी वेगळं सांगत नाही. तिचं अडलं नाही. मैत्रीण घरी होती.

मुलाखत होती मास्तरांची. निम्मं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलेलं, आणि आता जुने विद्यार्थी मिळून त्यांच्यावर छोटी फिल्म करून घेत होते. मास्तर मोकळेपणानं बोलले. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, म्हणाले, बाकी स्टिअरिंग जन्मभर दुसऱ्याच्याच हातात. घरातही तेच चाललंय. सगळे हसले. तिनं हेडफोनमध्ये ते हसणं ऐकलं, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. घरघर नाही, काही नाही. तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग केबल गुंडाळा, स्टँड उचला, गाडीवाला हॉर्न मारतोय, चला चला.

फोन, फक्त तिच्या बाजूचा

"दादा, मी बोलतेय."

"फ्रिज."

"नाही. राहिला."

"हो, कालपासून."

"रडत नाहीये."

"बरं, रडतेय. पण निघालेय."

दादांची बाजू थोडक्यात: ओरडले नाहीत. फ्रिज विसरणारा पुढच्या शूटला येत नाही, टेबलाशी बसून फायलींना नावं देतो, हे तुला ठाऊक आहे, म्हणाले. ते नंतर बघू. आधी जा, स्वतःच्या तोंडानं सांग, काय नुकसान झालं ते विचार. आणि शेंड्या लावू नकोस.

बसमध्ये

टेक एक. आजोबा, काल गडबडीत आमच्याकडून जरा... कट. आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?

टेक दोन. आजोबा, तुमचा फ्रिज तसा जुनाच असेल ना? कट. निर्लज्ज.

टेक तीन. चूक माझी आहे. दूध, भाजी, जे काही खराब झालं असेल ते मी... हा बरा चालला होता. पण ती मोठ्यानं बोलत होती, आणि शेजारच्या बाई उठून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

टेक चार

मास्तरांनी दार उघडलं. किल्ली त्यांच्या हातातच होती.

"ही तुझीच ना गं? लोण्याशेजारी सापडली."

पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं. बाहेर आलं ते इतकंच: "मी विसरले, आजोबा."

किल्ली तिच्या हातावर ठेवून ते ये म्हणाले आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले. दूध नासलं होतं, ते त्यांनी कधीच ओतून टाकलं होतं. दुधाचं काही नाही, म्हणाले. आणि टेबलाकडे हात केला. तिथे स्टीलचा एक डबा होता. डब्याला घाम फुटला होता, आणि खाली ठेवलेला टॉवेल ओला झाला होता.

डब्यात सूप होतं. मटार आणि बटाट्याचं. मागच्या वर्षी बाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, दवाखान्यात दाखल व्हायला निघाल्या, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ते करून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. मी येईपर्यंत दोघं काय खाल, म्हणून. त्या आल्या नाहीत. त्यानंतर डब्याला हात लावायचा नाही, असा मुलीनं घरात कायदाच केला. वीज गेली की ती डबा छातीशी धरून शेजाऱ्यांच्या जनरेटरवर चालणाऱ्या फ्रिजकडे पळायची.

आता मुलगी जेवायला येईल. औषधांच्या दुकानात असते, दुपारी घरी येते. काल उशिरा आली ती बाहेर खाऊनच, सकाळी नेहमीचा बिनदुधाचा चहा पिऊन गेली. तिला अजून काही माहीत नाही.

पाहुणी भिंतीला टेकली. नासलेल्या दुधाची भरपाई होते. याची काय करणार?

मास्तर खुर्चीत बसले. डब्यालाच सांगावं तसं बोलले.

"मला संध्याकाळीच कळलं होतं."

"काय?"

"लोणी काढायला गेलो. आत दिवा लागेना. किल्ली दिसली. बटणापर्यंत हात नेला." त्यांनी हात पुढे करून दाखवला. "आणि मागे घेतला."

पाहुणीनं त्या हाताकडून डब्याकडे बघितलं.

"तिनं ते खायला करून ठेवलं होतं गं. जपायला नाही. पण लेकीला सांगणार कसं? मी आपला वीज जायची वाट बघायचो. गेली की ही पळायची."

मग ते नजर चुकवत म्हणाले, तू नुसतं विसरले एवढंच सांग. ते खोटं नाही ना.

खोटं नव्हतं. फायलींना नावं देत बसायचं आहेच, त्यात आणखी एका शिवीची भर. तिनं मान डोलावली. पण तिला मास्तरांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

दुपार

ताई, म्हणजे मास्तरांची मुलगी, जेवायला आल्या. चपला काढताना त्यांना पाहुणी दिसली. स्टुडिओतली ना तू, काल काही राहिलं का, असं हसून विचारलं. मग टॉवेल दिसला. मग डबा.

"हा बाहेर कुणी काढला?"

"ताई, मी काल फ्रिज बंद केला होता, आवाजासाठी. जाताना चालू करायचा राहिला. चूक माझी आहे."

ताई ओरडल्या नाहीत. ते फार वाईट होतं. त्यांनी डब्याला दोन्ही हात लावले, एखाद्याचा ताप बघावा तसे.

"तुला माहीत तरी आहे का हे काय आहे?"

"हो. आजोबांनी सांगितलं."

"सांगितलं." त्या मान खाली घालून म्हणाल्या. "घरात येता, सगळं हलवता, आणि निघून जाता. मी आज तुमच्या स्टुडिओत येऊन बोलणार आहे."

पाहुणीनं मास्तरांकडे बघितलं नाही. बघायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं. टाइल्सच्या रेघांकडे बघत ती उभी राहिली.

खुर्ची सरकली.

"तायडे, तिला सोड. मला संध्याकाळीच दिसलं होतं. मीच बटण दाबलं नाही."

ताईंनी वळून बघितलं.

"बाबा?"

"मला खायचं होतं ते."

"मग सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तू त्याला कुलूप घातलं असतंस."

ताईंना हसू आलं, आणि ते आल्याचाच त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या तशाच बसल्या. मग झाकण काढून वास घेतला. बारकाईनं, बाटलीवरची तारीख तपासावी तसा. मध्ये अजून बर्फाचा गोळा होता. त्यांनी तो चमच्यानं फोडला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण खळखळून उकळायला हवं."

मग

उकळलं. पाहुणी निघायला लागली तर ताईंनी तिच्यापुढे तिसरा वाडगा ठेवला. बस, म्हणाल्या, तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण बस.

पहिला घोट ताईंनी घेतला आणि त्या थांबल्या.

"अळणी आहे."

"माझ्या बीपीसाठी," मास्तर म्हणाले. "शेवटी शेवटी मीठ घालायचीच नाही. तू डबा घेऊन कामावर जायचीस, तुझ्यात वेगळं घालायची."

ताईंना हे माहीत नव्हतं. त्या मिठाच्या बरणीकडे बघत राहिल्या. हात नेला नाही. तसंच खाल्लं.

मास्तर फुंकर घालत होते, मोठ्यानं आणि निवांत. पाहुणीनं वाडगा संपवला.

डबा ताईंनी घासायला टाकला नाही. त्यांनी त्याच्या कडेनं बोट फिरवलं, चाटलं, आणि डबा बाबांकडे सरकवला.