शनिवारचा केर

कल्पिताने दाराआडचा झाडू काढला, ओढणी कमरेला गुंडाळली आणि आतल्या खोलीपासून केर काढायला घेतला. वाकताना कंबर बोलली. सकाळी उजाडायच्या आत ती रक्ततपासणीच्या लॅबमधल्या काउंटरवर जाऊन बसायची. उपाशीपोटी आलेली माणसं त्यांच्या पोटातली सगळी चिडचिड तिच्यावर काढायची. दुपारी घरी आली की चपला काढायच्या आधी झाडू हातात घ्यायचा, नाहीतर तो नंतर घेतला जात नसे. एकदा बसली की बसली.

ओट्याखालचं झालं, कपाटाच्या बाजूचं झालं. बाहेरच्या खोलीत आईच्या खाटेपाशी आल्यावर झाडू आपोआप वळला आणि खाटेला वळसा घालून पुढे गेला. आई जाऊन दीड महिना होत आला होता. खाटेवरची चादर धुऊन बदलली होती, औषधांचा डबा समोरच्या जानकीमावशीने नेऊन टाकला होता; खाटेखाली मात्र कल्पिताचा हात जात नव्हता. का जात नाही, असं कुणी विचारलं असतं तर तिने कंबरदुखीचं कारण दिलं असतं.

केराचा ढीग खोलीच्या मध्यावर आला तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा, रोशनीचा व्हिडिओ कॉल. कल्पिताने झाडू तसाच हातात धरून फोन उचलला.

"जेवलीस?" रोशनीने विचारलं.

"आत्ता तर आले. तू काय आत्ता उठलीस?"

"झोपलेच नाही नीट."

पडद्यावर तिच्यामागे खिडकी होती, खिडकीत राखाडी आभाळ. खुर्चीवर न घडी घातलेल्या कपड्यांचा डोंगर. दाराच्या खिळ्याला लाल सॅक लटकली होती, रिकामी, पोट आत गेलेल्या माणसासारखी. ती सॅक कल्पिताच्या आईने, मथुराने, मालाडच्या बाजारात घासाघीस करून घेतली होती. स्वतः आयुष्यभर सुके बोंबील विकले, पण घेताना भावात तिला हरवणारा दुकानदार जन्माला यायचा होता.

"मी काल कॉलेजच्या मॅडमशी बोलले," रोशनी म्हणाली. "म्हटलं, घरी असं असं झालंय. त्या म्हणाल्या, जायचं तर जाऊ शकतेस. फक्त इंटर्नशिप अर्धीच झालीय ना, तिचे मार्क नाही मिळणार. सेमिस्टर परत करायला लागेल. तिकडे, आपल्या कॉलेजात."

"म्हणजे हे वाया?"

"वायाच. पण जाऊ शकते."

झाडूच्या काड्या कल्पिताने जमिनीवर आपटून सारख्या केल्या.

"मी येऊ का, आई?"

रोशनी सप्टेंबरात पोर्तुगालला गेली, तेव्हा कोळीवाड्यातली निम्मी आळी तिला सोडायला रिक्षापर्यंत आली होती. पोर्तो नावाच्या शहरातल्या कॉलेजात चार महिने, आणि सोबत मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात इंटर्नशिप. "म्हावरा डब्यात घालायला पोरीला एवढ्या लांब धाडतेस?" असं जानकीमावशीने विचारलं होतं, आणि मथुराने तिला सगळ्यांसमोर गप्प केलं होतं. "घालायला नाय गो, कसा घालतात ते बघायला. शिकायला."

सोमवार ते शुक्रवार कारखाना आणि वर्ग. शनिवारी मात्र रोशनी लाल सॅक पाठीला लावून कुठल्या तरी नव्या गावाला निघायची आणि निघताना आजीच्या फोनवर कळवायची. इकडे तेव्हा दुपार असायची. लॅबमधून आलेल्या कल्पिताच्या हातात झाडू असायचा आणि खाटेवरून मथुराचा आवाज यायचा, "ठेव तो. पोरगी निघालीय."

माणूस प्रवासाला निघाला की त्याच्यामागे केर काढायचा नाही, तो पोचल्याचं कळेपर्यंत. हे सगळीकडेच पाळतात, पण मथुराचं पाळणं वेगळं होतं. चेंबूरला लग्नाला गेलेल्या माणसासाठीही ती झाडू अडवून बसायची. एकदा शेजारचा कृणाल घाटकोपरला मित्राकडे गेला आणि पोचल्याचं सांगायला विसरला, तर दोन दिवस दोन्ही घरांत कचरा. शेवटी कृणालच्या आईने येऊन हात जोडले होते. रोशनी पोर्तुगालात फिरायला लागल्यावर तर शनिवारचा केर निघेनासाच झाला. ती पोचल्याचं कळवायची तेव्हा इकडे दिवेलागण झालेली असायची, आणि दिवे लागल्यावर केर काढायचा नाही हे मथुराचं दुसरं कलम होतं.

"म्हणजे ती तिकडे मजा करणार आणि मी इकडे धुळीत झोपणार," कल्पिता वैतागून म्हणायची.

"झोप की. धुळीनं कोण मेलंय?" असं म्हणून मथुरा फोन डोळ्यांजवळ नेऊन नातीने धाडलेले फोटो बघायची. पूल, चर्च, ट्राम. तिला त्यातलं काही फारसं आवडायचं नाही. "बंदर दाखव म्हणावं," ती म्हणायची. "देऊळ आपल्याकडे पण हाय."

मथुरा गेल्यापासून रोशनी एकाही शनिवारी बाहेर पडली नव्हती. केर वेळेवर निघत होता.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

ये, हा एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो केव्हाचा तोंडात येऊन थांबला होता. लग्न मोडल्यावर दोन वर्षांच्या रोशनीला घेऊन कल्पिता या घरात परत आली, त्यानंतर ती इथे कधी एकटी राहिली नव्हती. आता संध्याकाळी ती टीव्ही लावून ठेवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. चहा अजूनही दोघींचाच व्हायचा. ये म्हटलं तर चार-पाच दिवसांत या खाटेवर कुणीतरी पाय पसरून बसलं असतं. उशिरा उठलं असतं, ओला टॉवेल कुठेही टाकला असता, आणि तिला ओरडता आलं असतं.

रोशनीच्या खांद्यामागे ती लाल सॅक दिसत होती.

"आज शनिवार ना?" कल्पिता म्हणाली.

"हो. का?"

"मग अजून घरात कशी तू?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? हे बघ." कल्पिताने फोन उलटा करून खोलीच्या मध्यावरचा ढीग दाखवला. "अर्धा केर काढून झालाय. तू निघणार असशील तर आत्ताच सांग, झाडू ठेवून देते. मग अर्ध्यावर थांबवू नकोस मला. कंबर मोडलीय माझी."

रोशनीचा चेहरा पडद्यावर अडकला की ती खरंच तशी बसलीय, ते कल्पिताला कळेना.

"तू आजीसारखी करू नकोस हां, यार," रोशनी शेवटी म्हणाली.

"मी कशाला करू? मला तर धूळ चालत पण नाही. तिला कुठलं तरी बंदर बघायचं होतं ना? बायका वाळूत मासे सुकवतात ते?"

"नाझारे."

"गेलीस का तिथे?"

"नाही. लांब आहे. बसने चार तास लागतात."

"मग?"

रोशनीने बाहीने नाक पुसलं. "आणि मी विचारलं त्याचं काय?"

कल्पिताने फोन दुसऱ्या हातात घेतला. "घरी ये ना. कोण नको म्हणतंय? संपव आणि ये. घर कुठे पळून जातंय का?"

"तू एकटी आहेस तिकडे."

"मी लॅबमध्ये दिवसाला दोनशे माणसांची तोंडं बघते. एकटी म्हणे." तिने झाडूचं टोक ढिगाकडे केलं. "लवकर सांग, बाई. ठेवू की काढू?"

मग रोशनी उठली, पडदा हलला, छत दिसलं, भिंत दिसली. खिळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

"ठेव," ती म्हणाली. "निघते मी."

फोन बंद झाल्यावर कल्पिताने झाडू दाराआड ठेवला आणि खाटेच्या कडेवर बसली. पुन्हा फोन लावून ये म्हणता आलं असतं. तिने फोन खाटेवर पालथा ठेवला. मग सरळ केला. मग उशीखाली सरकवला आणि तशीच न जेवता आडवी झाली.

ती जागी झाली ती जानकीमावशीच्या आवाजाने. उन्हं उतरली होती. मावशी दारात उभी, हातात झाकलेलं पातेलं.

"कल्पे, घर हाय का मच्छी मार्केट? हा मधी काय डोंगर रचलाय?"

"ये, मावशे. काय आणलंस?"

"बोंबलाचं कालवण. तू काय शिजवत नाय, कृणालची आई सांगत होती." जानकीमावशी मथुराच्या शेजारी बसून चाळीस वर्षं बाजारात सुकी मासळी विकत आली होती. आता तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि तिथे ती स्वतःची टोपली ठेवायची. दुसऱ्या कुणी ठेवलेली तिला खपत नसे. पातेलं ओट्यावर ठेवून तिने सवयीने दाराआड हात घातला. "थकली असशील तर सांगायचं ना गो. बाजूला सर, मी भरते केर."

"राहू दे, मावशे. रोशनी निघालीय."

मावशीचा हात झाडूवर तसाच राहिला. तिने कल्पिताकडे बघितलं नाही. झाडू अलगद, आवाज न करता, होता तिथे परत ठेवला आणि येऊन खाटेवर बसली.

"कुठं?"

"नाझारे म्हणून आहे. आईला बघायचं होतं ते."

"हां. ते सुकवतात तिथं." मावशी पुटपुटली. "मला पण सांगायची. म्हणायची, जानके, तिकडच्या बाया पण आपल्यासारख्याच मेल्या उन्हात."

दोघी ढिगाकडे बघत बसल्या. बाहेर आळीत कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

मथुरा गेली त्या दिवशी झाडू जानकीमावशीच्याच हातात होता. मथुराला घेऊन माणसं आळीच्या वळणावर पोचली असतील नसतील. कृणालने वर धरलेल्या फोनवरून रोशनी बघत होती, आणि वळणावर तो कॉल तुटला, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच वेळी घरात मावशीने आतून बाहेर केर काढायला घेतला होता. मयत उचलल्यावर तो लगेच काढावाच लागतो. मग पाणी. कल्पिता भिंतीला टेकून बसली होती आणि झाडू तिच्या पायांपर्यंत आल्यावर तिने पाय जवळ घेतले होते. एवढंच. तिने थांब म्हटलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झाडू अडवून बसलेली बाई निघाली, आणि तिच्यासाठी कुणी दोन मिनिटं थांबलं नाही.

"काढावा लागतो, बाय," मावशी एकदम म्हणाली. कुणी काही विचारलं नसताना.

"माहितीय, मावशे."

"मला पण बरं नाय वाटलं."

"माहितीय."

"ती असती तर दिला नसता काढायला." मावशीने हसायचा प्रयत्न केला. "म्हणाली असती, पोचू तर दे मला, मेले."

कल्पिताही हसली. हसताना तिने मान खिडकीकडे वळवली.

मावशीने पाय वर घेऊन मांडी घातली. वाकून तळवे झटकताना तिची नजर खाटेखाली गेली. तिथे धुळीचा राखी थर होता, एक जुनी रबरी चप्पल होती, आणि खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात दोन-तीन सुकलेले खवले चकाकत होते. कपड्यांना, केसांना, टोपलीला चिकटून मथुराबरोबर ते रोज घरी यायचे. मावशीने बघितलं, आणि नऊवारीचा काठ गुडघ्यावर ओढून घेतला.

"कुठवर आली असेल?" तिने विचारलं.

"बसमध्ये असेल."

"लांब हाय मेलं."

"बाजारात नाही जायचं तुला? शनिवारची संध्याकाळ आहे."

"गिऱ्हाईक कुठं पळून जातंय?"

कल्पिताने चहा टाकला. नेहमीसारखा जास्तच झाला, पण आज तो संपला. बाहेर अंधारून आलं तशी तिने देवापाशी दिवा लावला, आणि काडी विझवत असतानाच उशीखाली फोन थरथरला.

मावशीने तो आधी काढला, पण तिला उघडता येईना. "बघ गो, बघ."

रोशनीने लिहिलं होतं, पोचले. खाली फोटो. वाळूवर ओळीने मांडलेल्या जाळ्या, त्यांवर पोट चिरून पसरलेले मासे. काळ्या कपड्यांतली एक जाडजूड म्हातारी कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे संशयाने बघत होती. तिच्या शेजारी रोशनी, नाक लाल झालेलं, पाठीवर सॅक.

मावशीने फोन लांब धरला, जवळ धरला.

"एवढ्या कवळ्या उन्हात काय सुकतंय?" ती म्हणाली. "आणि म्हातारीनं किती दाटीनं घातलेत बघ. वास मारेल." मग थोडं थांबून, "भाव काय म्हणते विचार."

"विचारते."

"ये म्हणालीस का तिला?"

"जानेवारीत," कल्पिता म्हणाली.

मावशीने मान डोलावली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चल. आता दिवा लागला, तू काय केर काढत नाय. कालवण गरम करून खा. नुसतं बघत बसू नको त्याच्याकडं."

ती ढिगाला वळसा घालून दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर चप्पल चाचपडत असताना कल्पिता तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"मावशे, पोचलीस की हाक मार."

जानकीमावशीने वळून बघितलं. तिचं दार समोरच होतं. मधे फक्त गटारावरची एक फरशी.

"येडी झालीस काय गो?"

"मार ना."

पदर डोक्यावर घेऊन मावशी खाली उतरली, फरशीवरून पलीकडे गेली, स्वतःच्या दारातला पडदा बाजूला केला. कल्पिता चौकटीला धरून उभी होती. पडदा पडला. आतली ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. आळीत कुणी कुणाला जेवायला बोलावत होतं, स्कूटर एकदाची सुरू झाली होती.

मग पलीकडून हाक आली, खणखणीत, बाजारात गिऱ्हाइकाला घालतात तशी.

"पोचले गोऽऽ!"

कल्पिताने दार लावून कडी घातली. दाराआडचा झाडू काढला, आणि सकाळी पहिला हाताशी यावा म्हणून आईच्या खाटेला टेकवून ठेवला.