शिडाचं माप

लवूला घरी आणायचं म्हणजे आमच्या होडीला नवं शीड हवं होतं. जुनं फाटलं, तसा लवू, माझा घोव, मला घरी ठेवून देवगडला दुसऱ्याच्या मचव्यावर कामाला गेला, तो वर्षभर तिकडेच. सत्तावन्न साल उजाडलं. आठवण येते म्हणजे काय, जीव नुसता कासावीस व्हायचा. भाकरीसुद्धा मी त्याच्या वाटणीची थापून बसायचे.

मालवणात दाजींच्या दुकानात शिडाचं कापड ऐंशी चौरस हातच होतं. पुढचं दिवाळीनंतर. नारळी पौर्णिमेआधी शीड झालं नाही, तर लवू आणखी एक हंगाम तिकडेच अडकणार. कापड पुरेल का, एवढंच बघायचं होतं, आणि घरात सातवी शिकलेली मी एकटी.

जुनं तिकोनी शीड पुळणीत, वाळूवर पसरलं. आमच्यात शिडावर पाय देत नाहीत, म्हणून माझ्या सासऱ्यांनी कडेकडेनेच दोरी धरली. तळाची बाजू पंधरा हात, दोन्ही तिरक्या बाजू साडेबारा. तळ आणि तिरकी बाजू गुणून निम्मं केलं, तर जवळजवळ चौऱ्याण्णव. संपलं सगळं! सासरे डोक्याला हात लावून बसले. मला चैन पडेना. दोन्ही तिरक्या बाजू धरून पाहिल्या, तर अठ्ठ्याहत्तर. मला तेच हवं होतं हो, पण एका शिडाची दोन उत्तरं कशी असतील? मग डोकं ठिकाणावर आलं. अगो बाय, गुणायचं पाया आणि उंचीला, आणि उंची मोजलीय कोणी? ती शिडाच्या मधूनच जाते.

मी शिडावर पाय ठेवला.

"शिडार पाय ठेवतंस गो?" सासऱ्यांनी विचारलं.

"ठेवतंय, मामंजी. तुमच्या झिलाक घराक हाडूचो आसा."

 मुलाला घरी आणायचं म्हटल्यावर दोरीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. तळापासून शेंड्यापर्यंत सरळ दहा हात. पंधरा दाही दीडशे, निम्मे पंचाहत्तर. पण एकदा तोंड पोळलेली मी, लगेच कसा विश्वास ठेवीन? तिरकी बाजू पाया धरली. तिच्यावरची उंची बारा भरली. साडेबारा गुणिले बारा, पुन्हा दीडशे, निम्मे पंचाहत्तर. वर शिवणीला पाच हात. मी तिथेच वाळूत बसून रडले.

कापड आणून शीड शिवायला घेतलं आणि देवगडला निरोप गेला. लवू आला. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने आमची होडी पाण्यात लोटली. देवगडला जाताना, कधी येणार म्हणून विचारलं, तर मान खाली घालून गेला होता. आज मी काही विचारलंही नव्हतं. शीड चढवून तो वळला.

"सांजेक येतंय गो," म्हणाला.