रागीट कातडी

सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी बंद पडलेल्या लाँड्रीच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. आत छताला कपडे अडकवायचे आकडे अजून तसेच लोंबत होते, भिंतींना साबणाचा जुना वास होता, आणि जिथं एके काळी चादरींना इस्त्री व्हायची त्या लांब टेबलाशी दहा-अकरा वर्षांची एक पोर बाही वर सरकवून बसली होती. तिच्या हातावर देव लिहायचा.

हो, लिहायचा. पेन नाही, शाई नाही, काही नाही. माणसानं पुढं येऊन आपला प्रश्न सांगायचा. बोटात जाड अंगठी घातलेला पोरीचा मामा ओल्या फडक्यानं तिचा हात पुसून 'शुद्ध' करायचा. मग सगळ्यांनी डोळे मिटून पाच मिनिटं गाणं म्हणायचं. डोळे उघडावेत तो हातावर लालबुंद, टम्म फुगलेल्या रेघा! गोल उमटला तर देवाचा होकार, फुली उमटली तर नकार. अर्ध्या-पाऊण तासात हात पुन्हा कोरा, तोवर दुसरा हात पुढं. देवाला पाटीसुद्धा फुकटची मिळाली होती.

मामाला सगळे वाचकबुवा म्हणत. बुवांचं बोलणं म्हणजे लोण्यासारखं मऊ. "मी कोण? मी कुणीच नाही. मी नुसता वाचतो. पोस्टमन कधी पत्र लिहितो का हो?" असं म्हणून हात जोडायचे, की बायका डोळे पुसायच्या. पोस्टमन पाकीट फोडून आपल्याला अर्थही समजावून सांगत नाही, हे मात्र एकाच्याही डोक्यात येत नव्हतं.

लाँड्रीच्या समोर, रस्त्यापलीकडे, सुईवाल्याचं दुकान होतं. सुईवाला म्हणजे गोंदणारा. वीस वर्षं त्यानं लोकांच्या अंगावर नावं, फुलं, वाघ आणि पस्तावलेल्या प्रेमांच्या तारखा गोंदल्या होत्या. भिंतीवर त्यानं जगभरच्या गोंदणांचे फोटो लावले होते आणि गिऱ्हाईक दुखून कण्हायला लागलं की तो त्या फोटोंच्या गोष्टी सांगायचा. हा बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, याच्या दुखऱ्या सांध्यांवर रेघा आहेत, औषध म्हणून काढल्या असाव्यात. हे बेटावरचे लोक, यांच्या चेहऱ्यावर अख्खं घराणं लिहिलेलं असतं. या डोंगरातल्या म्हाताऱ्या, हनुवटीवर ठिपके नसतील तर यांचं लग्न ठरत नसे. हा खलाशी, आणि हा चोर म्हणून कपाळावर खूण केलेला माणूस. आणि हा हात युद्धातल्या छळछावणीतला, यावर नंबर आहे. तो फोटो दाखवताना तो जास्त बोलत नसे.

धंदा मात्र अलीकडे बसला होता. लाँड्रीत देव लिहायला लागला आणि सुईवाल्याचं नशीब फळफळलं. ज्याला गोल मिळे तो धावत रस्ता ओलांडून यायचा आणि म्हणायचा, हा पुसून जायच्या आत माझ्या मनगटावर असाच गोंदून द्या. दोन महिन्यांत गावातली निम्मी मनगटं गोलांनी भरली. नोकरी लागलेला, पोर झालेली, खटला जिंकलेला, जो तो मनगट दाखवत हिंडायचा. फुली कोण गोंदवून घेणार? ज्यांना फुली मिळाली, आणि ज्यांचा गोल फुसका निघाला, ती माणसं घरात तोंड लपवून बसली होती. त्यामुळे रस्त्यावर जिकडं पाहावं तिकडं देव खराच ठरलेला दिसे. बुवा तर सुईवाल्याला 'देवाची सुई' म्हणायला लागले. तोही हसून मान डोलवायचा.

आणि त्याला सगळं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्याहून वाईट होतं.

वाचकबुवा बुवा होण्याआधी बसस्टँडवर दंतमंजन विकायचा. आई गेलेली भाची बरोबर असायची. एकदा तो तिला घेऊन दुकानात आला. म्हणाला, पोर गर्दीत हरवते, हिच्या हातावर माझं नाव गोंदा. लहान मुलांना गोंदत नाही, असं सांगून सुईवाल्यानं त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण रिकामा बसला होता, म्हणाला बघू तरी. नव्या गिऱ्हाइकाची तो नेहमी एक परीक्षा घ्यायचा. पेनच्या बोथट टोकानं हातावर एक रेघ ओढायची आणि पाच मिनिटं थांबायचं. बहुतेकांची रेघ विरून जाते. पोरीची रेघ दोरीसारखी वर आली. "हिची कातडी रागीट आहे," तो मामाला म्हणाला. "काहींची असते. नखानं नाव लिहिलंत तरी उमटेल, मग आपोआप जाईल. हिला कुठंच गोंदवू नका, डॉक्टरांना दाखवा." मामा त्या रेघेकडे बराच वेळ टक लावून बघत राहिला. पंधरा दिवसांत समोरची लाँड्री भाड्यानं गेली.

तेव्हा सुईवाला मनातल्या मनात हसला होता. लोकांना फसायचंच असेल तर आपण कशाला मध्ये पडा? कुणाचं काय जातंय? असं आपण सगळेच म्हणतो, घरचं कुणी रांगेत उभं राहीपर्यंत.

त्याला एकच थोरली बहीण होती. आई-वडील लवकर गेले, ताईनं त्याला वाढवलं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं करायची, आणि दिवसभर काजं केलेल्या हातांनी संध्याकाळी त्याला भरवायची. त्या ताईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाठ लहान आहे, महिन्याच्या आत काढून टाकू, घाबरू नका. ताई घाबरली. भावाला न सांगता ती लाँड्रीत गेली आणि विचारून आली, ऑपरेशन करू का?

फुली आली.

ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा अगदी हलका झाला होता. तो भांडला. डॉक्टरीणबाईंचे शब्द त्यानं दहादा ऐकवले, रिपोर्ट नाचवला, दोन दिवस जेवला नाही. फक्त एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. ते निघालं असतं तर गावातला प्रत्येक गोल त्याच्या दारात जाब विचारायला आला असता. आणि ही विद्या बुवाला शिकवली कुणी, हेही सांगावं लागलं असतं. ताई म्हणायची, "डॉक्टर काय, माणूसच. चुकू शकतो." असे तीन महिने गेले. मग एक दिवस तिला डावा हात वर करून फळीवरचा डबा काढता येईना. त्यानं डबा काढून दिला.

मग त्याला सुचलं ते अर्धवट शहाणपण. लबाडीनंच लबाडी मारायची. देवाला होकार द्यायला लावायचा, म्हणजे ताई ऑपरेशनला जाईल, बुवाचंही काही बिघडणार नाही, आपलंही झाकलेलं राहील. सगळ्यांचंच भलं! रविवारी तो ताईला घेऊन लाँड्रीत गेला आणि भर गर्दीत म्हणाला, माझ्या बहिणीचा प्रश्न पुन्हा विचारायचाय, आणि आज हात पुसायचा मान मला द्यावा. बुवाचे डोळे बारीक झाले. पण 'देवाच्या सुई'ला लोकांसमोर नाही कसं म्हणणार?

फडक्याआडून त्यानं पोरीच्या हातावर अंगठ्याच्या नखानं गोल ओढला. पोरीनं वर बघितलं. तिला कळलं होतं, तरी तिनं हात मागे घेतला नाही. गाणं सुरू झालं. पाच मिनिटांनी डोळे उघडले तर हातावर सुरेख वाटोळा, लालभडक गोल.

ताईला रडूच फुटलं. सुईवाल्यानं सुटकेचा श्वास सोडला. आणि वाचकबुवा पुढं सरसावले.

"गोल!" त्यांनी आवाज लांबवला. "आधी फुली, आता गोल. अर्थ कळला का? फुली म्हणजे सुरी नको. गोल म्हणजे पूर्ण. रोगाचं चक्र पूर्ण झालं, बाई. आता कापायला आत उरलंय काय?"

टाळ्या पडल्या. ताई भावाकडे वळली, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. "बघ," ती म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी?"

तेव्हा त्याला कळलं की रेघ कुणीही ओढली तरी अर्थ लावणारं तोंड बुवाचं आहे. या खेळात शिरून कुणी कधी जिंकत नाही.

"तो गोल मी काढला," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून तो बाकावर चढला. "तो गोल मी काढलाय. या नखानं. बुवा हातातल्या अंगठीनं काढतात. हिची कातडी दाबली की सुजते, हा एक त्रास आहे, त्यावर औषध आहे. माझ्या दुकानात जगभरचे फोटो आहेत, या आणि बघा. हजारो वर्षं माणसाच्या अंगावर लिहिलं गेलंय. कुणी मानानं लिहिलं, कुणी औषध म्हणून, कुणी गुलाम करायला. पण प्रत्येक वेळी सुई धरणारा हात माणसाचाच होता. तो हात कुणाचा, एवढंच विचारा."

बुवा दयाळूपणे हसले. "अरे वेड्या, तुझ्याकडून तो गोल काढवून कुणी घेतला? त्यानंच ना!" आणि गर्दीनं सुटकेनं माना डोलावल्या. एवढ्या सोप्या शब्दांत देव परत जागेवर बसला.

मग सुईवाला बाकावरून खाली उतरला आणि पोरीसमोर बसला. तिला आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं, त्यानंसुद्धा. "बाळ, तुझा दुसरा हात कोरा आहे," तो म्हणाला. "तुला जे वाटेल ते तू लिही."

"ती लिहीत नाही! तिच्यावर लिहिलं जातं!" बुवा पहिल्यांदाच ओरडले. पण पोरीनं नख टेकवलं होतं. तिनं सावकाश, शाळेतल्यासारखी अक्षरं काढली. गाणं कुणी म्हटलं नाही. डोळे कुणी मिटले नाहीत. कारखान्यात, दुकानात, कचेरीत जाणारी ती शहाणीसुरती माणसं पाच मिनिटं एका लेकराच्या हाताकडे बघत उभी राहिली, आणि त्यांच्या देखत एकेक अक्षर फुगून वर आलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं ते मोठ्यानं वाचलं.

"खाजतं."

"रोज खाजतं," पोर म्हणाली. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. मामानं फेकून दिल्या. गोळी घेतली की रेघ उठत नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाकी कुणाला हसू आलं नाही. पुढची बाई आपल्या मनगटावरचा गोल घासत बसली, जणू तो निघणारच होता.

बुवा त्याच दुपारी पसार झाला. दुसऱ्या एका गावात तो आता पाण्यात बघून सांगतो म्हणे. पोरीची आत्या येऊन तिला घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या, आणि देवानं लिहिणं बंद केलं. लोक शहाणे झाले म्हणता? छे! निम्मे सुईवाल्याशी बोलेनासे झाले, चांगला चाललेला देव यानं मोडला म्हणून. उरलेले आपापले गोल पुसून मागायला आले. गोंदण इतकं सहज पुसता येत असतं तर काय हवं होतं.

ताईचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की दुखणं काखेपर्यंत पसरलंय. पुढचे उपचार करूच, पण तीन महिन्यांपूर्वी हे काम सोपं होतं. आता खात्री देता येत नाही.

चौथ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

त्यानं सगळं सांगितलं. पेनची रेघ, दंतमंजनवाला, सगळं.

"बुवाचं मला काही वाटत नाही," ताई म्हणाली. "तो कोण माझा? पण तू माझ्यासमोर दोन दिवस उपाशी बसलास, आणि एक वाक्य बोलला नाहीस. 'ताई, ही युक्ती आहे,' एवढंच. मी तुझं ऐकलं असतं रे."

तो रडायला लागला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. हातही लावला नाही.

"रडू नकोस, उठ," ती म्हणाली. "त्या फुल्यांचं काय? माझ्यासारख्या किती जणी औषधं टाकून घरात बसल्या असतील? गोलवाल्या तुझ्या दारात आल्या. फुलीवाल्या नाही येणार. तुला जावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता सुईवाला निघाला. फुली घेऊन मान खाली घालून परतणारी कितीतरी माणसं त्यानं दुकानातून पाहिली होती; त्यांतलं पहिलं घर लाँड्रीच्या मागच्या गल्लीत होतं. एका बाईनं दार अर्धवट उघडलं, त्याला ओळखलं आणि पुन्हा लावून घ्यायला लागली.

"दोनच मिनिटं," तो म्हणाला. "तुम्हाला फुली आली होती. ती देवाची नव्हती. दंतमंजन विकणाऱ्या एका माणसाची होती, आणि ती कशी काढायची ते त्याला मीच दाखवलं होतं. तुमचे दवाखान्याचे कागद घ्या, मावशी. मी बरोबर येतो, डॉक्टरांकडे चला."