किंजळीखालची माती

गेल्या दिवाळीपासून गणेशच्या डोक्यात शेततळ्याने घर केलं होतं. रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आला की हा गडी जेवायच्या आधी मोबाइल उघडायचा आणि लोकांची तळी बघत बसायचा. कुणाच्या तळ्यावर बदकं, कुणाच्या तळ्याकाठी भेंडी. कासू स्टेशनापासून आत, डोंगराच्या अंगाला त्यांची पावणेदोन एकर जमीन होती. पावसात भात, थंडीत वाल. वाल निघाले की जमीन पुढचे तीन-चार महिने उताणी पडून राहायची. तळं झालं तर उन्हाळ्यातही चार पैशांची भाजी निघेल, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. जागाही त्याने हेरून ठेवली होती. शेताच्या वरच्या टोकाला एका किंजळीच्या झाडाखाली पाच-सहा गुंठ्यांचा माळ होता. तिथे गवताशिवाय काही उगवत नसे.

कृष्णाबाई, त्याची आई, नको म्हणाली. आता ही बाई सासरी आल्यापासून शेताच्या कारभारात कधी तोंड घालत नव्हती. नवऱ्याने सांगितलं तिथे लावणी, सांगितलं तिथे कापणी. त्यामुळे तिच्या तोंडून नकार ऐकून गणेश चकितच झाला. कारण विचारलं तर सांगेना. किंजळीखाली नको, एवढंच. त्याने बायकोकरवी विचारून पाहिलं, मग स्वतः चिडून पाहिलं, आणि शेवटी म्हातारपणी माणसाला हट्ट सुचतात अशी आपली समजूत घालून घेतली. महिपती, त्याचा बाप, ओटीवर बसून सगळं ऐकत होता. तो हो म्हणाला नाही की नको म्हणाला नाही.

कारण होतं, आणि ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. गणेशच्या आधी कृष्णाबाईला एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. बाराव्याला नाव ठेवायचं, तेही राहिलं. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि पुरायला जातात ते पुरुष. महिपतीने तिला आपल्या पंच्यात गुंडाळून उचललं, त्याचा चुलता फावडं घेऊन पुढे झाला. दोघे परत आले तेव्हा पंचा नव्हता. पुढे आठ दिवसांनी कृष्णाबाईने विचारलं, कुठे? महिपती म्हणाला, किंजळीखाली, वर गोल धोंडा ठेवलाय. त्यानंतर दोघांत त्यावर एक अक्षर झालं नाही. दर मार्गशीर्षात त्या तिथीला ती वाटीभर दूधभात घेऊन जायची, धोंड्यापाशी ठेवायची, घडीभर बसायची आणि घरी येऊन कामाला लागायची. सेहेचाळीस वर्षं तिने हे केलं. गणेशला सांगितलं नाही. आधी तो लहान होता म्हणून, आणि मोठा झाल्यावर आता कशाला म्हणून.

गणेशची मुलगी सुरभी रोह्याला राहून शेतीचं शिकत होती. फाल्गुनात ती घरी आली आणि तिने बापाला सांगितलं की तळं खोदायच्या आधी जमिनीच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं. खाली पाणी धरणारी माती नसेल तर तळं म्हणजे फुटका माठ. गणेशला लेकीचं ऐकायची सवय होती. रविवारी सकाळी बाप-लेक पहार आणि फावडं घेऊन गेले. कृष्णाबाई तेव्हा पेणला डोळे दाखवायला गेली होती. दुपारी एस.टी.तून उतरून घरी आल्यावर तिला सुनेकडून कळलं, तेव्हा पायातली चप्पलही न काढता ती तशीच शेताकडे निघाली.

किंजळीखाली कंबरभर खड्डा झाला होता. तिचा गोल धोंडा बाजूला लोटलेला होता आणि बरोबर त्याच जागी सुरभी खड्ड्यात उभी राहून खुरप्याने भिंत खरवडत होती. गणेश घामाघूम होऊन बुंध्याशी पाणी पीत होता. कृष्णाबाईला आत बघायचा धीर होईना, आणि बघितल्याशिवाय राहवेना. तिने काठाशी बसकण मारली आणि पोरीला विचारलं, काय सापडलं का? काय सापडायचं होतं, असं सुरभीने हसून विचारलं आणि आजीला भिंत दाखवू लागली.

वर चार बोटं काळपट माती, गवताच्या मुळ्यांनी विणलेली. तिच्याखाली हातभर पिवळट मुरूम, पहारीशिवाय न फुटणारा. त्याच्याखाली मुरमातच अडकलेले दगडाचे गोटे, आणि तळाला कातळ. सुरभीने कातळापासून वर बोट नेत सांगितलं की हे सगळं त्या तळच्या दगडाचंच झालंय. पाऊस शिरतो, दगड कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. वरून पाला पडतो, मुळं मरतात, किडामुंगी मरते, त्याने वरचा थर काळा होतो. बोटभर माती व्हायला माणसांच्या कितीतरी पिढ्या जातात. कृष्णाबाईने आयुष्यभर माती चिवडली होती, पण ती अशी उभी कापलेली कधी पाहिली नव्हती. चारही भिंतींवर थरांच्या रेघा सलग होत्या. कुठे खंड नव्हता.

"आणि कुणी खणून परत बुजवली असंल तर?" तिने विचारलं.

"तर लगेच कळतं. खालचं पिवळं वर येतं, वरचं काळं खाली जातं, सगळी कालवाकालव. एकदा मोडलेला थर परत बसत नाय, आजी. शंभर वर्षांनी बघितलं तरी दिसतो."

"मग हितं?"

"इथं कुणीच कधी खणलेलं नाय. आम्हीच पहिले."

कृष्णाबाईने धोंडा उचलला, होता तिथे ठेवायला गेली, आणि मग ध्यानात आलं की तिथे खड्डा आहे. धोंडा गवतात ठेवून ती घरी आली.

त्या दिवसापासून ती महिपतीपुढे ताट ठेवायची, पण त्याच्याकडे बघत नसे. मनात नाही नाही ते यायचं. ओढ्यात टाकली असेल का? पंच्यासकट कुठे आडबाजूला ठेवून आले असतील? ज्या माणसाशी संसार केला, त्याने एवढी एक गोष्ट खोटी सांगितली असेल, तर बाकीच्या गोष्टींचं काय? तिला त्याचा राग आला, इतका राग की आयुष्यात कधी आला नव्हता. आणि विचारायची भीती त्याहून मोठी होती. विचारलं तर तो सांगेल, आणि सांगितलेलं ऐकावं लागेल.

मंगळवारी संध्याकाळी गणेशने ओटीवर सगळ्यांना ऐकवलं की आईच्या मनासारखं झालं, किंजळीखाली तळं होणार नाही. तिथल्या मुरमातून पाणी झिरपून जाईल. सुरभीने सगळं शेत फिरून जागा काढली होती ती राबाची. राब म्हणजे शेताच्या खालच्या अंगाचा तो तुकडा, जिथे दर उन्हाळ्यात पाला पसरून भाजतात आणि मग भाताची रोपं काढतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राख आणि पाला पडलेला. माती खोल, चिकट, पाणी धरणारी. राब दुसरीकडे नेता येईल. सकाळी जेसीबीवाला येणार होता.

"राबात नको," महिपती म्हणाला.

एवढा वेळ बापाने ब्र काढला नव्हता, त्यामुळे गणेश आणखीच वैतागला. आईला किंजळ नको, बापाला राब नको, मग तळं काय घरात खणू का, असं तो म्हणाला. पण कृष्णाबाईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती महिपतीकडे बघत होती. म्हातारा तिची नजर चुकवत होता. तिला कळलं. सांगावं लागलंच नाही.

ती उठली. "चला," एवढंच म्हणाली.

ऊन अजून डोंगरावर होतं. पुढे ती, मागे काठी टेकत महिपती, असे दोघे बांधाबांधाने राबापर्यंत गेले. वरच्या कोपऱ्यात, पांगाऱ्याच्या झाडाखाली तो थांबला आणि काठीने जमीन दाखवली. मग उभ्या उभ्याच सांगू लागला. किंजळीखालीच न्यायचं ठरलं होतं. चुलत्याने फावडं मारलं तर टणकन वाजलं. चार बोटांखाली मुरूम. दोघांनी आळीपाळीने जोर केला, वीतभरही खड्डा होईना. तेवढ्यात ठेवलं असतं तर रात्री कोल्ह्यांनी उकरून काढलं असतं. पोर त्याच्या हातात होतं आणि कुठे ठेवावं ते सुचत नव्हतं. सगळ्या शेतात खोल माती होती ती एका राबात. तिथे मांडीभर खणलं, आणि तिला ठेवलं.

"मग मला किंजळ का सांगितलंत?"

"चैत्रात तूच हितं पाल्याचे भारे टाकणार, तूच पेटवणार. कसं सांगू? हितली रोपं तूच उपटणार, आन सगळ्या शेताला लावणार. तू भात खाल्ला असतास का गो?"

कृष्णाबाईला आठवलं, त्या कोपऱ्यात तो कधी पाला टाकू देत नसे. तेवढा तुकडा सोड म्हणायचा. एकदा तिने सोडला नाही, तर माणसांसमोर तिच्या हातातला भारा हिसकावून घेतला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, सासरी आपल्याला एवढीही किंमत नाही. दोन दिवस ती जेवली नव्हती.

तिने सुरभीला हाक मारून बोलावून घेतलं. पोरगी बापाच्या मागोमाग बांधावर येऊन उभीच होती; दोघांनीही बरंचसं ऐकलं होतं. कृष्णाबाईने तिला सांगितलं, तू मातीतलं वाचतेस ना, मग हे मला वाच. आजोबांचा शब्द आता मला पुरत नाही.

सुरभीने घरून फावडं-खुरपं आणून हळूहळू खणलं. वरची वीतभर माती नांगराने दरसाल उलटलेली, ती बाजूला केली. त्याखाली खुरप्याने एक उभी बाजू साफ केली. डावीकडे काळी माती सलग गुडघाभर गेलेली, मग पिवळी. उजवीकडे, हातभर रुंदीत, ती रेघ तुटलेली होती. काळ्यात पिवळ्याचे खडे विखुरलेले होते, आणि खाली पिवळ्यात काळ्याचे गोळे. सुरभीचं खुरपं तिथेच थांबलं. पुढे खणू का, असं तिने विचारलं.

"पुढं काय असंल?"

"काय नसणार, आजी. आपल्याकडं पाऊस एवढा. लहान हाडं माती आठ-दहा वर्षांत घेते. तिच्यात आणि मातीत आता काय फरक राह्यला नसंल."

"मग नको."

कृष्णाबाईने खड्ड्याच्या काठावर ओणवं होऊन हात आत घातला आणि त्या तुटक्या रेघेवर तळवा ठेवला. माती गार होती. किती तरी वेळ तिने हात काढला नाही. रडू तिला आलं, पण ते मोठं नव्हतं. ज्या दिवशी रडायचं त्या दिवशी ती पुष्कळ रडली होती. आज तिला फक्त हात लावायचा होता, आणि इतकी वर्षं तो दुसरीकडे लावला गेला याचं दुःख होतं.

गणेशने मान फिरवून फोन लावला आणि जेसीबीवाल्याला सकाळी येऊ नकोस म्हणून सांगितलं. तळ्याचं नंतर बघू म्हणाला. मग आईपाशी येऊन, मोठी होती का माझ्यापरास, एवढंच त्याने विचारलं. कृष्णाबाई म्हणाली, व्हय, तीन वर्षांनी. त्याने माती परत ढकलून खड्डा बुजवला, फावड्याने न चोपता हाताने सारखा केला, आणि लेकीला घेऊन घराकडे गेला.

दोघेच उरले. महिपती पांगाऱ्याला टेकून खाली बसला होता. त्या जागेचं गवत बसून बसून झिजलेलं होतं, आणि बुंध्याची साल त्याच्या पाठीच्या उंचीला गुळगुळीत झाली होती. कृष्णाबाईचा राग अजून निवला नव्हता.

"तुमी मला सेहेचाळीस वर्षं रिकाम्या जागेपुढं बसवलंत," ती म्हणाली.

महिपतीने मान हलवली. नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग जमिनीकडे बघतच तो म्हणाला, "त्या दिवशी तू वाटी घेऊन तिकडं गेलीस का मी हितं यायचो. तू उठलीस का मी उठायचो. एकटी कशी ठेवायची तिला?"

तिथून किंजळ स्पष्ट दिसत होती. तिच्याखाली बसलेलं माणूसही दिसलं असतं. कृष्णाबाईने एकदा तिकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तिने हातावरची माती झटकली नाही.

"जरा सरका," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.