लालासाहेबांचं कुंकू

बनुबाईच्या कपाळावर कुंकवाच्या जागी आधी खाज आली, मग खवले, आणि वर्षभरात रुपयाएवढा काळा, खरबरीत चट्टा उमटला. औषधं सांगणाऱ्यांना उंब्रजात तोटा नव्हता. कुणी गोमूत्र सांगितलं, कुणी मारुतीचा शेंदूर. शेजारच्या रंगूबाईनं बिब्बा घालायला लावला. त्यानं कपाळ असं उतलं की बनुबाई आठ दिवस एकाच डोळ्यानं जग बघत होती. आणि एवढं सोसूनही रोज आंघोळ झाली की त्याच चट्ट्यावर मेण घासून बाजारातलं लालभडक कुंकू ती ठसठशीत लावायचीच.

त्या उन्हाळ्यात आळीतल्या बायकांनी तिला पापड लाटायला बोलावलं नाही. "कपाळ बरं हू दे, मग ये," रंगूबाई लांबूनच म्हणाली. बनुबाईला ते फार लागलं. पापडाचं पीठ मळण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याला घेऊन कऱ्हाडच्या एस.टी.त बसली.

नवरा म्हणजे लालासाहेब, फौजेतून पेन्शनीवर आलेले हवालदार. दोन लढायांतून धडधाकट परतलेला माणूस, मिशा अजून ताठ.

डॉक्टरांनी चट्ट्यावर सुई टोचली. बनुबाईनं असा हंबरडा फोडला की बाहेरचे दोन पेशंट उठून गेले.

"महारोग नाही. त्यात टोचलेलं कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा कुंकवातल्या रंगाचा त्रास. खाज सुटते, तुम्ही खाजवता, कातडी जाड आणि काळी होते, मग आणखी खाजते. मलम देतो. खाजवायचं नाही. आणि तीन आठवडे कुंकू बंद."

लालासाहेब ताडकन उठले. "डॉक्टर, आमी जित्तं हाय अजून!"

"दिसतंय मला," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर लालासाहेबांचं अन्नावरचं मन उडालं. "बने, दोनदा मरता मरता वाचलो ते तुज्या कुंकवानं."

"व्हय? मग सरकारनं बंदूक कशाला दिलती? नुसता करंडाच द्यायचा हुता की."

ती चिडली होती खरी, पण त्यांचं उतरलेलं तोंड बघून तिलाही वाईट वाटलं. तरी तिनं मलमच लावलं. कपाळ तिचं होतं.

सकाळी बघते तर लालासाहेब आरशापुढं बसून स्वतःच्या कपाळाला मेण लावत होते.

"हे वो काय?"

"पहाऱ्यावरला शिपाई आजारी पडला तर जागा मोकळी सोडत न्हाईत. बदली मानूस उभा करत्यात," लालासाहेब म्हणाले आणि कपाळावर लालभडक टिळा ओढला.

गावानं विचारलं, "हवालदार, कंच्या देवाचं हो?" तर ते सांगायचे, नवस हाय. जरा घाम आला की टिळा पुसट व्हायचा. म्हणून दिवसातून चारदा, बनुबाईपेक्षाही जाड थर ते चढवायचे.

इकडं बनुबाईचे खवले गळले. कातडी मऊ पडली, काळेपणा विरत चालला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या कपाळाला वारा लागला, आणि तिला ते लय आवडलं. नवऱ्याच्या जिवाला घोर लावून हे आवडतंय म्हणून थोडी लाजही वाटली. लालासाहेब मात्र पटका हळूहळू भुवयांपर्यंत खाली ओढायला लागले होते.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी बनुबाईचं कपाळ बघितलं आणि ते खूश झाले. "आता घरी हळदीचं कुंकू करून लावा. तेही आणखी पंधरा दिवसांनी."

"ह्यांचं पन बघा," बनुबाई म्हणाली.

"मला काय झालंय?" लालासाहेब म्हणाले आणि तेवढ्यात त्यांनी पटक्याखाली बोट घालून खाजवलं.

पटका निघाला. कुंकवाखाली लाल, खवले धरलेला चट्टा होता.

"आजपासून कुंकू बंद," डॉक्टर म्हणाले.

लालासाहेबांनी घाबरून बायकोकडं बघितलं. बनुबाईनं कोपऱ्यातल्या माठाच्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं आणि त्यांचं कपाळ हळूच पुसून काढलं.

"घाबरू नगासा," ती म्हणाली. "तुमचं कुंकू पुसलं म्हनून मी मरत न्हाई."