उभे महाराज आडवे होतात

प्रवासाला निघून महिना उलटला होता आणि फोटोग्राफरला आता कुठल्याच दाढीचं अप्रूप उरलं नव्हतं.

काम तसं साधं होतं. प्रकाशकाला साधूंच्या चेहऱ्यांचं एक जाडजूड पुस्तक काढायचं होतं. गावोगाव हिंडायचं, मठ-आश्रम पालथे घालायचे आणि चेहरे गोळा करायचे. सुरुवातीला तो एकेका साधूपाशी निवांत बसला, बोलला, उजेड बदलायची वाट पाहत थांबला. पुढे पुढे बोलणं आटलं. साधूही सरावलेले असत. कॅमेरा दिसला की एक जण डोळे अर्धे मिटून घ्यायचा, दुसरा जटा सोडून खांद्यावर पसरायचा. एकाने तर "माझी डावी बाजू बरी येते," असं सांगून स्वतःच तोंड फिरवलं होतं. फोटोग्राफरने बटण दाबलं, नमस्कार केला आणि गाडीत येऊन डोळे मिटले. पाठ धरली होती. जेवणावरची वासना उडाली होती.

गाडी त्याची धाकटी बहीण चालवायची. ती जन्मभर नर्स होती, त्यामुळे घरातसुद्धा सगळे तिला सिस्टरच म्हणत; सख्खा भाऊही. निवृत्त झाल्यावर घरात बसून तिला कंटाळा आला होता आणि दादाच्या पाठीकडे बघून त्याला एकट्याने पाठवायला तिचं मन होत नव्हतं. गाडी ती झोकात चालवायची, फक्त रस्ता विचारायला कधी थांबायची नाही.

"आता शेवटचे एकच," त्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला. "उभे महाराज. मग सरळ घर."

"उभे म्हणजे?"

"म्हणजे उभे. बसत नाहीत, आडवे होत नाहीत. वर्षानुवर्षं. मुखपृष्ठावर तेच हवेत, असं प्रकाशक म्हणतोय."

"आणि झोपतात कसे?"

"उभ्यानेच झोपतात म्हणे."

सिस्टरने गिअर बदलला.

तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आलाच. "हे बघा, चेहऱ्यावर तेज पाहिजे," तो म्हणाला. "मागच्या चार-पाच जणांत काही जीव नाही हो. दमलेले वाटतात."

"ते नाही, मी दमलोय," असं फोटोग्राफरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो "बघतो" म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

महाराजांची जागा म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. बाहेर माणसांची रांग, चपलांचा ढीग. आत टोकाला छताच्या लोखंडी तुळईला दोरांनी एक फळी टांगलेली, झोपाळ्यासारखी, पण छातीच्या उंचीवर. फळीवर जुनी गोधडी गुंडाळलेली. त्या गोधडीवर दोन्ही हात टेकून महाराज उभे होते. उंच, काटकुळे, दाढी पोटापर्यंत. कमरेखाली जमिनीपर्यंत भगवं कापड सोडलेलं. येणाऱ्याने वाकायचं, महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, की पुढचा.

सगळी व्यवस्था एका मध्यमवयीन माणसाकडे होती. त्याला लोक भगत म्हणत. भगताचे डोळे लाल होते आणि बोलता बोलता तो मध्येच भिंतीला टेकायचा. "दुपारी दर्शन बंद असतं, तेव्हा काढा फोटो," तो म्हणाला. "पण कंबरेच्या वर. खालचं कापड हलवायचं नाही."

दुपारी रांग बाहेर थांबली आणि शेडचं दार लोटलं गेलं. फोटोग्राफरने कॅमेरा काढला. पत्र्यांच्या फटीतून उजेड नेमका महाराजांच्या गालावर पडत होता. त्याने भराभर फोटो घेतले आणि पडद्यावर पाहिले. फोटो चांगले होते. असल्या चेहऱ्यासाठीच प्रकाशक इतके दिवस जीव टाकत होता. तरी त्याला आनंद असा काही झाला नाही. झालं एकदाचं, एवढंच वाटलं.

"चल सिस्टर," तो म्हणाला.

सिस्टर जागची हलली नाही. ती नाक वर करून उभी होती. "दादा, वास येतोय."

"धुपाचा आहे."

"धुपाचा मला कळतो." ती सरळ महाराजांपुढे गेली आणि वॉर्डात विचारावं तसं विचारलं, "बाबा, पाय दाखवता का जरा?"

भगत धावत आला. "ताई, कापडाला हात लावू नका!"

"मी त्यांना विचारलं," सिस्टर म्हणाली.

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नाही असा दिवस गेला नव्हता. नोकरी मागितली, मूल मागितलं, कोर्टातला निकाल मागितला. पाय दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"बघ बाई," ते म्हणाले.

सिस्टरने कापड बाजूला केलं. फोटोग्राफर दोन पावलं मागे सरला. पाय पाय राहिलेच नव्हते. दोन्ही पोटऱ्या फुगून खांबासारख्या झाल्या होत्या, कातडी काळीनिळी, ताणून चकाकणारी. डाव्या घोट्यावर तळहाताएवढी जखम आणि तिच्यावर कसलातरी पाला बांधलेला.

सिस्टरने गाडीतून आपली औषधांची पेटी मागवली, हातमोजे चढवले आणि जमिनीवर मांडी ठोकली. पाला सोडवता सोडवता ती बोलत होती. "कधीपासून आहे हे?"

"बरंच झालं. आधी फार ठणकायचं."

"आणि आता?"

"उजवा ठणकतो. डावा शांत आहे."

"हेच वाईट आहे." तिने डाव्या अंगठ्याला चिमटा काढला. "कळलं?"

"काय?"

सिस्टर उठून उभी राहिली. तिचा आवाज एकदम हळू झाला. "बाबा, आजच्या आज दवाखान्यात जायला हवं. पाय तरी जाईल, नाहीतर तुम्ही. मी घाबरवायला म्हणत नाही."

"दवाखान्यात निजवतील," महाराज म्हणाले.

"निजवतीलच."

"अहो, व्रत आहे!" भगताचा आवाज फाटला. "बारा वर्षांचं व्रत आहे, ताई! असं मोडता येत नाही."

"बारा कधीच सरली रे," महाराज शांतपणे म्हणाले. "पुढची बारा तू बोललास. लोकांसमोर बोललास, मग मला नाही म्हणता येईना."

फोटोग्राफरला वाटलं, आता भगत भांडायला उठणार, बाहेरच्या लोकांना हाक मारणार. पण तो भिंतीला टेकला आणि तसाच घसरत खाली बसला. "तुम्ही उभे होता ते सगळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. "झोपेत तुमचा तोल जाऊ नये म्हणून मी रोज तुमचे पाय मिठीत धरून बसतो, ते कुणी पाहिलं? मी तरी कुठे आडवा झालोय?" आणि तो मोठ्याने रडायला लागला. फोटोग्राफरला कुठे बघावं कळेना. तो कॅमेऱ्याचं झाकण लावत बसला.

महाराजांनी फळीवरचा एक हात काढून भगताच्या डोक्याकडे नेला, पण हात तिथवर पोचेना. "ऊठ," ते म्हणाले. "बाहेर जाऊन सांग, आज दर्शन नाही."

"उद्याचं विचारतील."

"उद्याचं माहीत नाही म्हण."

भगत नाक पुसत बाहेर गेला. आता हलकल्लोळ होणार म्हणून फोटोग्राफर दाराच्या फटीतून बघायला लागला. पण बाहेर थोडी कुजबुज झाली, एका बाईने "मग कधी यायचं?" असं दोनदा विचारलं, आणि लोक आपापल्या चपला शोधायला लागले. दर्शनाची सुट्टी लोकांनी इतक्या सहज घेतली की भगतच खट्टू होऊन परत आला.

खरी पंचाईत पुढेच होती. सिस्टरने गाडी मागच्या दारापाशी लावली, मागची सीट पाडली, बॅगा, स्टँड, दिवे सगळं काढून जमिनीवर टाकलं आणि गोधड्या अंथरल्या. महाराजांना दोघांनी दोन बाजूंनी धरून पाय घासत गाडीपर्यंत आणलं. पण त्यांचे गुडघे वाकत नव्हते. कंबरही जेमतेम वाकत होती.

"कपाट आडवं करतो ना आपण, तसं करायचं," सिस्टर म्हणाली. "दादा, तू खांदे धर. भगत, तुम्ही पाय. तुम्हाला पायांची सवय आहे."

त्यांनी महाराजांना मागे कलवायला सुरुवात केली, आणि इतका वेळ शांत असलेल्या त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सिस्टरचं मनगट गच्च पकडलं. "पडतोय! मी पडतोय!"

"नाही पडत. मी धरलंय."

"पडतोय गं बाई!"

"पडू दे मग. खाली गोधडी आहे."

पाठ टेकली. महाराजांच्या छातीतून एक लांब, खरखरीत श्वास निघाला. फोटोग्राफरला वाटलं, संपलं सगळं. त्याने वाकून पाहिलं तर महाराज घोरत होते. गाडी सुरूही झाली नव्हती.

फोटोग्राफर त्यांच्या उशाशी कसाबसा अंग चोरून बसला. भगत पुढे सिस्टरशेजारी बसला. रस्ता खडबडीत होता, पण महाराजांची झोप मोडली नाही. तोंड उघडं पडलं होतं, दाढी एका बाजूला गेली होती, आणि चेहऱ्यावरचं सगळं ओढलेपण सुटून तिथे कुणाचेतरी साधे, म्हातारे काका झोपलेले दिसत होते. काचेतून ऊन येत होतं. फोटोग्राफरचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला. असा फोटो जगात कुणाकडे नव्हता, हे त्याला कळत होतं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

"दादा, झोपू दे त्यांना," सिस्टर आरशातून म्हणाली.

"आवाज नाही होत याचा."

"मला येतो ऐकू."

त्याने कॅमेरा खाली घेतला. थोडा राग आला. जन्मभर ही अशीच टोकते, असंही वाटलं. मग राग धरून ठेवायलाही अंगात त्राण उरलं नाही. त्याने डोकं खिडकीच्या काचेला टेकलं आणि दवाखान्याच्या दारात सिस्टरने हलवून उठवलं तेव्हाच तो जागा झाला. पुढे भगतही मान टाकून झोपलेला होता. "तीन पुरुष आणि एक ड्रायव्हर," सिस्टर पुटपुटली आणि स्ट्रेचर आणायला गेली.

डॉक्टरांनी डाव्या पायाची दोन बोटं काढली. पाय वाचला. आणखी आठवडाभर गेला असता तर वाचला नसता, असं ते म्हणाले, पण डॉक्टर असं म्हणतातच, हे सिस्टरला ठाऊक होतं.

प्रकाशकाला कळलं तेव्हा तो हादरला. "अहो, ते उभे आहेत म्हणून तर फोटोला अर्थ! आता लोक विचारतील."

"मग नका छापू," फोटोग्राफर म्हणाला.

"एवढे चांगले फोटो आलेत आणि नका छापू?"

"तुम्हीच म्हणालात, लोक विचारतील."

शेवटी मुखपृष्ठावर दुसरेच कुणीतरी आले; बहुधा डावी बाजू बरी येणारे. पुस्तक चाललंही बरं. प्रकाशकाने दुसऱ्या भागासाठी फार गळ घातली, पण फोटोग्राफरने पाठीचं कारण सांगितलं. खोटं नव्हतं ते.

पुढे एकदा सिस्टर खनपटीलाच बसली म्हणून दोघं महाराजांना बघायला गेले. वॉर्डात दोन खाटांच्या मधल्या जमिनीवर भगत पालथा पडून घोरत होता. बाजूचा पेशंट त्याच्याकडे कौतुकाने बघत होता. महाराज खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते. दाढी कुणीतरी छातीपर्यंत कापली होती.

सिस्टरने आधी पाय तपासले, मग बोलणं सुरू केलं. फोटोग्राफर स्टुलावर बसून होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "व्रत मोडल्याचं वाईट वाटतं का हो?"

"वाटतं तर," महाराज म्हणाले. "रोज सकाळी जाग आली की पहिलं तेच आठवतं. मग चहा येतो."

"लोक येतात का इथे?"

"सुरुवातीला आले. आता त्या फळीलाच हार घालतात म्हणे. बरं आहे, फळीचे पाय दुखत नाहीत."

तेवढ्यात व्यायाम करून घेणारी तरुण मुलगी आली. वॉकर पुढे ठेवत ती म्हणाली, "चला आजोबा, दोन मिनिटं उभं राहायचंय."

"ते येतं मला," महाराज म्हणाले. "चालायचं शिकव."

मुलगी हसली. ते उठले, वॉकर धरला आणि एक पाऊल टाकलं. मग बराच वेळ थांबून दुसरं. कपाळावर घाम फुटला होता. शेजारच्या खाटेपर्यंत जाऊन ते परत आले आणि धपकन गादीवर बसले. त्यांनी भगताकडे पाहिलं. त्याचा हात खाटेखाली गेला होता आणि त्याला कशाचीही शुद्ध नव्हती.

"पाणी हवं होतं," महाराज हळूच म्हणाले. "पण त्याला नको उठवायला."

फोटोग्राफर उठला, भगताला ओलांडून टेबलापाशी गेला आणि पेला भरून घेऊन आला.